कुसुमचे केस

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांचा पहिलाच प्रश्न होता, "वेणी कोण घालतं?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ह्यांची नोकरी, म्हणून वाशीत भाड्याची जागा शोधत सकाळपासून उन्हात वणवण चालली होती. तोवर भेटलेल्या मालकांपैकी कुणी गाव विचारलं होतं, कुणी आडनावावरून जात चाचपली होती, कुणी मासे शिजवता का म्हणून नाक उडवलं होतं. वेणीची चौकशी कुणी केली नव्हती.

"मीच घालते," मी म्हटलं.

"सोडा."

"काय?"

"वेणी सोडा, बाई. आणि इथंच परत घाला. आरसा मिळणार नाही."

"चल गं," हे उठलेच. पण माझे पाय इतके दुखत होते की आणखी एक घर बघण्यापेक्षा मला वेणी सोडणं परवडलं असतं. मी सोडली. उन्हाने आणि खाडीवरच्या वाऱ्याने केसांचा पार झाडू झाला होता. घरमालक हात मागे बांधून, परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक फिरतो तसे माझ्यामागून फिरले. स्वतःच्या डोक्यावर म्हणाल तर औषधालाही केस नव्हता. मी घातलेली वेणी त्यांनी जवळून बघितली, हात मात्र लावला नाही.

"गुंता लागला की तुम्ही ओढत नाही," ते म्हणाले. "थांबता. खालून सुरुवात करता. खोली तुमची." मग आतल्या दाराकडे वळून आवाज दिला, "कुसुम, बाहेर या. माणसं पसंत आहेत."

आम्ही दोघं सावरून बसलो. मी पदर खांद्यावर घेतला. आणि आतून कुसुम आल्या.

चहात बुडवून वाळत घातलेल्या मेंढीला शेपूट लावावं तशी ती कुत्री होती. अंगभर इवल्या इवल्या कुरळ्यांचे थर, डोळे केसांत हरवलेले, आणि चालताना तिचं पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं हे जीभ बाहेर आल्याशिवाय समजत नसे. तिची आई म्हणजे आमच्या रो हाउसच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांभोवती फिरणारी साधी तांबूस कुत्री. बापाबद्दल वाद होता. कुणी म्हणे रस्त्यावरच्या कारखान्यात आलेल्या परदेशी इंजिनिअरचं पांढरं कुरळं कुत्रं, कुणी म्हणे धनगराचं मेंढरू. हा दुसरा पक्ष गंमत करत नव्हता. घरमालकांना ती गटाराच्या कडेला सापडली तेव्हा त्यांनी तिला पायपुसणं समजून उचललं होतं. दारात टाकून त्यावर पाय पुसायला लागल्यावर पायपुसण्याने त्यांचा अंगठा चाटला.

घरमालक मूळचे साताऱ्याकडचे. जन्मभर जिल्हा कोर्टात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेले. बायको केव्हाच गेली होती, मुलगा बडोद्याला. कोर्ट सुटलं तरी कोर्टाची भाषा सुटली नव्हती. दूध नासलं तर ते "दूध नामंजूर" म्हणत. नळाला पाणी आलं नाही की, "आज पुढची तारीख पडली." कुत्रीला ते अहो-जाहो करत. ह्यांनी एकदा कारण विचारलं.

"जिच्या काखेतले केस आपण रोज विंचरतो," घरमालक म्हणाले, "तिच्याशी अरे-तुरे करणं असभ्यपणाचं नाही का?"



रोज दुपार कलली की घरासमोरच्या पायरीवर कुसुमचे केस विंचरण्याचा कार्यक्रम चाले. एक सतरंजी, खोबरेल तेलाची वाटी, जाड दातांची लाकडी फणी, बारीक दातांची न्हाव्याकडची फणी, आणि एक विणकामाची सुई. ही सुई गाठीत घालून गाठ फोडायला. कात्री मात्र नाही. कात्री हा शब्दसुद्धा ते त्या पायरीवर उच्चारू देत नसत. आधी कानामागे, मग काखा, मग गळ्याभोवती पट्टा घासतो तिथे, मग शेपटीचं मूळ. कुरळ्या केसांत गाठ बसते ती ह्याच जागी, आणि ती बाहेरून दिसत नाही. वर सगळं मऊ, आत कातडीला चिकटून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा थर.

"वरून विंचरणं म्हणजे लोकांना दाखवायला," ते म्हणत. "केस भांग पाडल्यासारखे बाजूला करा. कातडी दिसली पाहिजे. मग एकेक ओळ." आणि दुसरं, "आधी विंचरणं, मग आंघोळ. गाठीला पाणी लागलं की ती आवळते. मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही." हे सगळं ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकवत. पोस्टमन, गॅसवाला, मतदारयाद्या तपासायला आलेल्या बाई. त्या बाईंना तर त्यांनी फणी हातात देऊन एक काख विंचरायला लावली होती. बाई परत कधी आल्या नाहीत, आणि घरमालकांचं नाव बरीच वर्षं मतदारयादीत नव्हतं.

अडचण एकच होती. कुसुम स्थिर उभी राहत नसे. आणि ती कशाने राहते हा शोध माझ्या वाट्याला आला. एकदा मी पायरीवर बसून वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती मोठ्याने वाचत होते, नणंदेसाठी स्थळ बघत होते म्हणून. कुसुम थांबली. मान वर करून ऐकायला लागली. मी थांबले तर ती चालायला लागली. "वाचा!" घरमालक ओरडले. मी पुन्हा वाचलं, "गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे," आणि कुसुम पुतळ्यासारखी उभी. आम्ही अग्रलेख वाचून पाहिला. ती निघून गेली. बाजारभाव वाचले. तिने जांभई दिली. फक्त लग्नाच्या जाहिराती. मलाही ह्यांच्या कंपनीत टायपिंगची नोकरी लागली होती; तेव्हापासून तिथून आले की माझी दुसरी पाळी सुरू व्हायची. घरमालक फणी चालवताना प्रत्येक स्थळावर शेरा मारत. "निर्व्यसनी लिहिलंय म्हणजे पितो." "अपेक्षा नाही म्हणतात त्यांच्याच असतात." माझ्या नणंदेचं लग्न ठरलं ते ह्याच पायरीवर ऐकलेल्या जाहिरातीतून, आणि ते स्थळ घरमालकांनी नव्हे, कुसुमने निवडलं असं ते शेवटपर्यंत सांगत. ती जाहिरात वाचताना तिने शेपटी हलवली होती.

सोसायटीचे सेक्रेटरी देसाई आमच्या समोरच राहत. माणूस चांगला, पण त्यांच्या बायकोचं नावही कुसुम. रोज दुपारी आमच्या पायरीवरून घरमालकांचा खणखणीत आवाज समोर जायचा, "कुसुम! किती वेळा सांगितलं, कानामागे चिखल लावून घेऊ नका!" नाहीतर, "कुसुम, पाय फाकवा, काख बघायचीय!" देसाईवहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत असत.

शेवटी देसाई आले. "काका, उगाच टेन्शन देऊ नका राव. नाव बदला तेवढं."

"कुणाचं?"

"कुत्रीचं हो! मिसेस घराबाहेर पडत नाही."

घरमालकांनी विचार केला. "कुसुमला हे नाव आधी मिळालं की तुमच्या मिसेसना?"

"मिसेसला! चाळीस वर्षं झाली."

"मग हक्क त्यांचा. मान्य," घरमालक म्हणाले. देसाईंचा चेहरा उजळला. "पण इथं राहायला आमच्या कुसुम आधी आल्या. तुम्ही नंतर ताबा घेतलात. वहिवाट त्यांची."

नाव राहिलं. देसाईवहिनी मात्र कपडे मागच्या बाजूला वाळत घालायला लागल्या.

त्या दिवाळीत कुसुम पळाली. कुणीतरी फाटकाशी सुतळी बॉम्ब लावला आणि ती दावं तोडून सुसाट निघाली ती दिसेनाशीच झाली. घरमालक तिच्यामागे अनवाणी धावले, हातात फणी तशीच.

मग शोध सुरू झाला. तेव्हाची वाशी म्हणजे बांधलेल्या चार गल्ल्या आणि त्यापुढे सगळं मोकळं रान, मिठागरं, खाडीचा चिखल, आणि अधेमधे जुनी गावं. घरमालक रोज एका दिशेला जात. जुहूगाव झालं, तुर्भे झालं, कोपरखैरणे झालं. लोकांना विचारण्याची त्यांची पद्धत अशी होती, "ह्या भागात एक सुव्यवस्थित विंचरलेली महिला दिसली का?" दोनदा लोक त्यांना पोलिसांकडे घेऊन गेले. तिसऱ्यांदा ते स्वतः पोलिसांकडे गेले, आणि हवालदाराने वर्णन लिहून घेताना "केस कुरळे, बांधा ठेंगणा" इथवर आल्यावर विचारलं, "लग्न झालेलं का?" घरमालक म्हणाले, "नाही, पण स्थळं ऐकतात." तक्रार तिथेच थांबली.

दिवस गेले. ते पायरीवर बसत, पण सतरंजी पसरत नसत. मी कामावरून आले की वर्तमानपत्र हातात घेई, आणि ते हाताने नको म्हणत. "उन्हातान्हात कुसळं लागतील," एवढंच बोलत. "कानामागे आत्तापर्यंत जट धरली असेल." तिला कुणी मारलं असेल, गाडीखाली आली असेल, ह्याची भीती त्यांनी एकदाही बोलून दाखवली नाही. ह्यांना ते विचित्र वाटलं. मलाही वाटलं.

बातमी आणली ती देसाईवहिनींनीच. संक्रांतीच्या आसपास एका दुपारी त्या रिक्षातून उतरल्या, कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू, हातात नारळाची वाटी. सानपाड्याच्या वेशीवर देवी प्रकट झालीय म्हणून सोसायटीतल्या बायका ओटी भरून आल्या होत्या.

"कसली देवी?" मी विचारलं.

"अगं, जटा असलेली कुत्री आहे. साक्षात! नुसती बघते आपल्याकडे." मग त्यांचा आवाज खाली गेला. "डोळे दिसत नाहीत तिचे, पण बघते."

घरमालक पायरीवरून उठले.

सानपाडा गाव चालत गाठता येतं. संध्याकाळी आम्ही तिघं पोचलो, ते, हे आणि मी. पिंपळाखाली देवीची एक जुनी घुमटी होती. तिच्यासमोर गोणपाटावर कुसुम बसली होती. ती दुप्पट झाली होती. गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात पेढे, खोबरं, साखरफुटाणे. कानामागून आणि पाठीवरून दोरखंडासारख्या जटा लोंबत होत्या. खाडीचा चिखल, त्यावर भक्तांचं तेल, त्यावर हळद, त्यावर कुंकू. गवंड्याने कालवलेला माल जसा वाळतो तशा त्या वाळल्या होत्या. घरमालकांना बघून तिने शेपटी हलवायचा प्रयत्न केला, पण शेपटीही जटेत अडकली होती. बायका म्हणाल्या, "देवीनं ओलखलं!"

घुमटीची दिवाबत्ती जनाबाई नावाची गावातली आगरी बाई करायची. पन्नाशीची, काळीसावळी, कंबर कसलेली. घरमालकांनी खिशातून फणी काढली तशी ती आडवी आली.

"ही माझी कुत्री आहे," ते म्हणाले.

"व्हती. आता देवीची हाय."

"हे केस नुसते गुंतलेत. मी सोडवतो."

"हात नको लावू, मास्तर. जटेला हात लावला का देवी कोपते. गाव माज्या दारात येल."

मागे बायकांची गर्दी जमली. त्यात देसाईवहिनी पुन्हा आल्या होत्या. ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "उचलू आणि पळू." पण कुसुम आता उचलण्याजोगी राहिली नव्हती. शेवटी जनाबाईने तोडगा काढला. देवीलाच विचारू. कौल लावू. एका बाजूला नैवेद्याचं ताट, दुसऱ्या बाजूला मास्तर फणी घेऊन. देवी जिकडे जाईल तो निकाल.

"हे काय बरोबर नाही," हे कुजबुजले. "पेढ्याविरुद्ध फणी? काका, नाही म्हणा."

"हरकत सुनावणीच्या आधी घ्यायची असते," घरमालक म्हणाले आणि मांडी घालून बसले. फणी दोन्ही हातांत धरून, एखादा दस्तऐवज सादर करावा तशी.

कुसुम उठली. दोघांच्या मधोमध उभी राहिली. घरमालकांकडे बघितलं, म्हणजे बघितलं असावं. मग शांतपणे ताटाकडे गेली, पेढे संपवले, ताट चाटलं आणि तिथेच बसली. बायकांनी हात जोडले. देसाईवहिनी पुढे झाल्या आणि कुसुमने कुसुमची दुसऱ्यांदा ओटी भरली.

"निकाल लागला," घरमालक म्हणाले. मला वाटलं ते आता रडतील. ते जनाबाईला म्हणाले, "देवीची सेवा करायला बंदी आहे का?"

"सेवा कुनीबी करावी."

"तेल घातलेलं चालतं?"

"चालतं की. समदी घालतात."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सानपाड्याला जायला लागले. खोबरेल तेलाचा डबा घेऊन, भक्तांच्या रांगेतून. फणी घरी. ते कुसुमपाशी बसत, कपाळाला हात लावून नमस्कार करत, आणि जटेला तेल चोळायला लागत. तासन्‌तास. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जाई. जवळून बघितल्यावर कळलं की चोळता चोळता त्यांची बोटं जटेच्या टोकाशी काम करत होती. टोकाकडचे चार केस सुटे करायचे, मग वरचे चार. केस ओढायचा नाही. मुळाशी चिमटीत धरून ठेवायचं म्हणजे कातडीला कळत नाही. कुसुम झोपलेली. समोर आरती चाललेली. एक बाई तर घरमालकांच्या पायाही पडली, मोठे साधक असावेत म्हणून.

परत येताना एकदा मी विचारलं, "काका, उगाच एवढे कष्ट. सकाळी लवकर जाऊन तिला घेऊन आलो असतो की."

मिठागराच्या बांधावरून चालत होतो. त्यांनी तेलाचा डबा दुसऱ्या हातात घेतला.

"माझी थोरली बहीण होती," मग ते म्हणाले. "आम्ही तिला आक्का म्हणायचो. विषमज्वरात पडली. घरात सगळे तिच्या जिवाच्या काळजीत, केस विंचरायचं कुणाला सुचणार? बरी होऊन उठली तेव्हा मानेवर जट होती. शेजारच्या बाईने पहिलं कुंकू लावलं. मग सगळ्यांनी लावलं. ठरलेलं लग्न मोडलं. आणि एक दिवस घरचे तिला देवीला सोडून आले."

"आणि तुम्ही?"

"मी लहान होतो. कोर्टात लागल्यावर आणायला गेलो. जोगवा मागायची परडी घेऊन बसली होती. म्हणाली, मी घरी आले आणि तुझ्या पोराला ताप आला, तर लोक कुणाला धरतील? तू तरी कुणाला धरशील?" त्यांनी बांधातली एक फट ओलांडली. "मी म्हटलं, मी नाही धरणार. ती म्हणाली, पोराला ताप आल्यावर सांग. आली नाही ती."

पुढे ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुसुमला आणलं असतं उचलून. पण मग त्या पिंपळाखाली दुसरी कुणीतरी बसवली असती."

महिना उलटला असेल. जटा हळूहळू बारीक होत गेल्या, जाड दोरीची सुतळी झाली, सुतळीचा धागा. भक्तांच्या लक्षात येत होतं, पण कुणी बोलत नव्हतं, कारण एकही केस कापलेला नव्हता. एका रविवारी शेवटची, शेपटीखालची जट त्यांच्या बोटांत मोकळी झाली. कुसुम उठली, तिने अंग झाडलं आणि सगळे कुरळे केस एकदम फुलारले. हळदीचा पिवळा ढग उडाला. समोरच्या सगळ्या बायका शिंकल्या.

सगळ्यांनी जनाबाईकडे बघितलं. जनाबाईने कुसुमकडे बघितलं.

"देवीनं आपल्या मनानं सोरली," ती शेवटी म्हणाली. "आता ही निस्ती कुत्री. न्या, मास्तर."

देसाईवहिनी खट्टू झाल्या. त्यांचा नवस अर्ध्यातच होता.

कुसुम घरी आली. पुन्हा सतरंजी, पुन्हा फण्या, पुन्हा "सुस्वरूप, सुशिक्षित". तिला पेढ्यांची सवय लागली होती, ती मोडताना घरात महिनाभर असहकार चालला. गोष्ट इथेच संपली असती.

पण होळी झाल्यावर एका दुपारी फाटकाशी जनाबाई उभी दिसली. मागे तिची मुलगी, हिरा. घुमटीपाशी ती मला दिसायची, सगळ्यांच्या मागे, डोक्यावरून पदर गच्च ओढून. विशी-बाविशीची असेल. घरमालक तेल चोळत असताना ती त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत बसायची. आज तिने पदर खाली घेतला. मानेपासून कमरेपर्यंत मनगटाएवढी जाड जट होती.

"माजी सुटंल का?" हिराने विचारलं.

जनाबाई फाटकाच्या बाहेरच. "ती ऐकत नाय," ती म्हणाली. "मान दुखते बोलते. मी सांगते, देवीचा मान हाय. पन कुत्रीची सुटली नि काय झाला नाय ना. मंग ही मना रोज इचारते." मग मान उंच करून आत बघत तिने विचारलं, "कुत्री बरी हाय ना? जेवते ना?"

"पेढे मागतात," घरमालक म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पायरीवर हिरा बसायला लागली. कुसुम शेजारी. मला सवयीने जाहिराती वाचायला सांगितल्या गेल्या, आणि मी "वधू पाहिजे" म्हणून अडखळले, तेव्हा हिराच म्हणाली, "वाचा ना, वैनी. ऐकाया काय जातंय?" तीही शेरे मारायला लागली. तिचे शेरे घरमालकांपेक्षा तिखट होते. जनाबाई रोज बरोबर यायची, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायची नाही. कुंपणाला टेकून उभी राहायची. समोरून देसाई विचारायला आले, सोसायटीत हे काय चाललंय म्हणून. वहिनींनीच त्यांना दंडाला धरून परत नेलं.

जटेची टोकाकडची वीतभर सुटली. त्याच्या वर घरमालकांची बोटं चालेनात. सुई आत शिरेना. तेल आत मुरेना. वर्षानुवर्षांचा घाम, धूळ आणि कुंकू, लाकडासारखं टणक. ते रोज थोडा जास्त वेळ बसत, आणि उठताना बोटं सरळ होत नसत. एका संध्याकाळी त्यांनी सुई सतरंजीवर ठेवली.

"हे माझ्याच्याने सुटत नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मंग कापा," हिरा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या घरात कात्री नव्हतीच. मी आमच्या खोलीतून शिवणाची आणली, पण ते ती हातात घेईनात.  मलाही धीर होईना. हिरा मान पुढे करून बसून राहिली.

फाटक वाजलं. जनाबाई आत आली. पायरीपाशी येऊन तिने माझ्या हातातून कात्री घेतली, देवीचं नाव घेतलं आणि मानेजवळ कापायला सुरुवात केली. कात्री चालत नव्हती. दात-ओठ खाऊन ती कापत राहिली. जट खाली पडली तेव्हा कुसुमने ती हुंगली आणि मागे सरकली.

जनाबाईने ती उचलली. कापलेल्या तोंडाशी, अगदी आत, काहीतरी लाल दिसत होतं. तिने नखाने उकरलं. रिबीन होती. बाहेर तेलकट काळी, आत अजून लालभडक, दोन पदरी गाठ तशीच.

"ही मी बांधलेली," जनाबाई म्हणाली. "शालेत जायाची तवा. तापात परली त्या दिवशी."

 हिरा मानेवर हात फिरवत होती, जणू तिथे दुसऱ्या कुणाची मान होती. घरमालकांनी सवयीप्रमाणे तोंड उघडलं, आणि फणी उचलायला हात पुढे केला. पण जनाबाईने ती आधीच उचलली होती.

"तू बस, मास्तर," ती म्हणाली. "माजी पोर हाय."

ती हिराच्या मागे पायरीवर बसली आणि विंचरायला लागली. घरमालक तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले, एक हात कुसुमच्या पाठीवर. हिराचे केस बोटभरच उरले होते. फणी टेकवली की संपत होते. तरी जनाबाई विंचरतच राहिली.